भिंतीवरचा निनावी हात

देवालयाच्या जीर्णोद्धारात देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. ज्याने भिंत चितारली त्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नसते. आता तर त्याचे कामही पुसले जात आहे.

गोमंतक व कारवारच्या किनाऱ्यावरील जुन्या देवळांत कावीकाम आढळते. चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा शुभ्र चुना उघडा करावयाचा. चुकलेली रेघ पुसता येत नाही. असा हात सहज का घडतो? होन्नावरचे कै. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून या चित्रांची नोंद केली, तेव्हा कोठे आपले डोळे उघडले.

‘देऊळ स्वच्छ नको काय?’ असे विचारले जाते. हवेच! परंतु चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, तैलरंग ती आत कोंडतो. म्हणजे कलाही जाते आणि भिंतही. महाजनांनी जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी भिंतींची छायाचित्रे घ्यावीत व गावातील वृद्ध गवंड्यांना विचारावे. देवाच्या दारी राबलेल्या हातांवर रंग फासणे, ही सेवा नव्हे, कृतघ्नता होय.