मार्चअखेरचे पाणी

गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांत वाशिम जिल्ह्यातली पत्रे जास्त आहेत आणि त्यांतली बहुतेक एकाच तक्रारीची आहेत. गावच्या पाण्याच्या उद्भवांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करायची असते. वर्ष कोणते, तर आर्थिक. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर बैठकांत जातात आणि फेब्रुवारीत एकदम जाग येते. मार्चच्या शेवटच्या दोन आठवड्यांत प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बाटल्यांची रास लागते. एका रसायनतज्ज्ञ वाचकाने लिहिले आहे की त्यातल्या कित्येक बाटल्या शीतपेयाच्या असतात, चिठ्ठीवर गावाचे नाव आणि पुढे ‘विहीर’ एवढेच. कोणती विहीर, किती खोल, पाणी किती मीटरवर, उपसा चालू होता की बंद, बाटली किती वाजता भरली, यातले काहीही नाही. तरी अहवाल निघतो, सही होते, पोर्टलवरचा रकाना भरतो.

हे थांबायला हवे, आणि थांबवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

मार्चमधला नमुना खोटा नसतो, तो वेगळ्या पाण्याचा असतो. वाशिमच्या पठारावरची साधी विहीर पाणी घेते ते मुरमातून आणि त्याखालच्या भेगाळ, मांजऱ्या खडकातून. काळा पाषाण लागला की वरचे झरे संपतात. गेरूच्या थराखालच्या पुढच्या लाव्हाप्रवाहात जे पाणी सापडते त्याचा जमिनीवरच्या शेताशी संबंध असेलच असे नाही. सप्टेंबरअखेर भूजल वर चढलेले असते. उकिरड्याखालून, शोषखड्ड्यांच्या भोवतालून, संत्र्याच्या बागेतून जे काही झिरपले ते सारे वरच्या थरात असते. मार्चपर्यंत गहू-हरभऱ्याला उपसा होऊन त्यातले बरेचसे निघून गेलेले असते. विहिरीत उरते ते तळच्या झऱ्याचे, नाहीतर शेजारच्या बोअरमधून आणून सोडलेले. अशा विहिरीत ऑक्टोबरचे नायट्रेट आणि मार्चचे नायट्रेट निम्म्या-दुपटीने वेगळे निघाले तर त्यात नवल काही नाही. दोन्ही आकडे खरे असतील. पण तारीख आणि पाणीपातळी नसेल तर त्या दोन्हींवरून काहीच ठरवता येत नाही.

नमुना पोचतो कसा, हा पुढचा भाग. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून 48 तासांत लावायचा, जिवाणू तपासणीला निर्जंतुक बाटली, क्लोरीन असलेल्या पाण्याला सोडियम थायोसल्फेट आणि जास्तीत जास्त 24 तास, हे वाचकांना सांगायची गरज नाही. पण मानोरा तालुक्याच्या टोकाच्या गावातून निघालेली बाटली ग्रामपंचायतीत दोन दिवस थांबते, मग पंचायत समितीत थांबते, मग कोणी जिल्ह्याला जाणार असेल त्याच्या पिशवीतून मार्चच्या उन्हात प्रवास करते. त्या बाटलीतल्या जिवाणूंनी वाटेत नायट्रेटचे काय केले याचा हिशेब कोणता रसायनतज्ज्ञ देणार? स्वीकृतीच्या नोंदवहीत दिनांक असतो तो बाटली आल्याचा. ती भरल्याचा दिनांक विचारला की उत्तर मिळते, ‘त्याच आठवड्यातली असेल.’

कारंज्याहून आलेले एक पत्र तर प्रत्येक प्रयोगशाळेत भिंतीवर लावावे असे आहे. एकाच विहिरीच्या पाण्याला गावातल्या तपासणी संचावर नायट्रेट 50 च्या आसपास आले, प्रयोगशाळेच्या अहवालात 11. ग्रामसेवकाने खरे कोणते म्हणून विचारले. वरून उत्तर आले की संच भरवशाचे नाहीत, अहवाल धरा, पाणी योग्य. आपल्यापैकी कोणालाही पहिल्या नजरेत शंका यावी की 11 हा आकडा नायट्रोजनच्या रूपात दिलेला आहे. त्याला 4.43 ने गुणले की नायट्रेट 48.7 होते. आयएस 10500 ची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, नायट्रेटच्या रूपात, आणि पर्यायी उद्भव नसला तरी तिच्यात शिथिलता नाही. म्हणजे संच बरोबर होता. गावात संच वापरणाऱ्या बायांनी रंग नीट जुळवला होता. चूक होती ती अहवालात एकक न लिहिणाऱ्याची आणि ते न विचारता ‘योग्य’ लिहिणाऱ्याची. त्या गावात बाटलीच्या दुधावर असलेले सहा महिन्यांच्या आतले मूल असेल तर ही चूक कागदापुरती राहत नाही.

आणि ‘अयोग्य’ असा शेरा आलाच तर? वाचकांनी पाठवलेल्या प्रतींत उपाय म्हणून बहुधा दोनच ओळी आहेत: टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावे, पाणी उकळून प्यावे. जिवाणूंसाठी दोन्ही बरोबर. नायट्रेटला टीसीएल काही करत नाही आणि उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते. रासायनिक अयोग्यतेला जैविक उपाय सुचवणारा हा छापील मजकूर कोणी तरी एकदा तयार केला आणि तो वर्षानुवर्षे जोडला जातो आहे. त्यानंतर फेरतपासणी होते. फेरतपासणीचा नमुना पहिल्या विहिरीचाच असावा, एवढी साधी अटही पाळली जात नाही. टाकीतून, दुसऱ्या नळावरून, पाऊस पडून गेल्यावर नमुना घेतात, तो योग्य निघतो आणि प्रकरण बंद होते. उद्भवांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळेल, पण नायट्रेटची विहीर त्या कार्डांच्या रंगांत कुठेच दिसत नाही.

वाशिमच्या बाबतीत हे जास्त टोचते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत बुलढाणा आहे, अमरावती आहे, यवतमाळ आहे. हे तिन्ही जिल्हे वाशिमला लागून आहेत. तेच खडक, तीच काळी जमीन, तेच सोयाबीन-तूर, तेच उकिरडे. वाशिमचे नाव त्या यादीत नाही म्हणून एका अधिकाऱ्यांनी बैठकीत समाधान व्यक्त केल्याचे वाचक कळवतात. जिल्ह्याच्या सीमेवर नायट्रेट थांबते असे मानायला काही आधार आहे का? पुरेशा विहिरींचे, योग्य वेळचे, ठिकाण माहीत असलेले नमुने घेऊन मग समाधान व्यक्त करावे. दुसऱ्या टोकाला, काही सल्लागार जुन्या अकोला जिल्ह्याचे आकडे काढून वाशिमला लावतात, तेही चुकीचे आहे. 1 जुलै 1998 पर्यंत हे सहा तालुके अकोल्यात होते. अकोल्याच्या सरासरीत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मिसळलेला आहे आणि वाशिमच्या पठाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. निरीक्षण विहिरींची जुनी नोंद वापरायची तर विहीरवार वापरा.

शिवाय हा माथ्यावरचा जिल्हा आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते, महानला अडते आणि अकोला शहर तेच पाणी पिते. अडाण, अरुणावती, पूस पैनगंगेकडे जातात. पाणी इथून तापीच्याही खोऱ्यात जाते आणि गोदावरीच्याही. इथल्या उद्भवांची नोंद बिघडली की खालच्या जिल्ह्यांचा अंदाजही बिघडतो.

आता भूकंपाकडे वळतो, कारण पत्रांतला दुसरा मोठा गठ्ठा त्याचा आहे आणि दुखणे तेच आहे. 21 मार्च 2024 ला सकाळी सहानंतर थोड्या मिनिटांच्या अंतराने हिंगोली भागात 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे दोन धक्के बसले. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा बसला, केंद्र कळमनुरी तालुक्यात. वाशिममध्येही लोक घराबाहेर आले. त्यानंतर वाचकांनी कळवले की विहिरीचे पाणी गढूळ झाले, कुठे चढले, कुठे बोअर कोरडी पडली. यातले किती खरे आणि किती भीतीपोटी, हे ठरवायचे कशावर? धक्क्याच्या आदल्या दिवशीची पातळी कोणाकडेच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात. दीर्घकालीन कलासाठी ते पुरेसे आहे. धक्क्यासारख्या काही सेकंदांच्या घटनेसाठी नाही, आणि ते काम त्या मोजणीचे नव्हतेच. स्वयंचलित पातळीमापक आहेत, पण त्यांच्यातले अंतर पाहता एका गावचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या आधी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. हिंगोलीत तसेच होणार असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाविना विरून जातात. पण जमीन हलते तेव्हा पाणीपातळी, गढूळपणा, विद्युतवाहकता या तीन गोष्टी आपल्या उपकरणांनी, आपल्या रोजच्या कामातून मोजता येतात. त्या नोंदल्या नाहीत तर पुढच्या अभ्यासकाला अफवांशिवाय काही मिळणार नाही.

परिसंस्थेच्या अभ्यासाचेही असेच. महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग धरणांतल्या प्लवकांवर प्रबंध लिहून घेतात. त्यासाठी तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, फॉस्फेट मोजले जाते. वाशिम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जीसारख्या जलाशयाबद्दलची अशी मोजमापे विद्यापीठाच्या कपाटात राहतात आणि जलशुद्धीकरण केंद्रावरच्या माणसाला शेवाळ कधी वाढते हे स्वतःच्या नाकाने कळते. जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा नीरी आणि आघारकर संस्थेकडे नमुने गेले, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण पुढे आले आणि बातमी जगभर पोचली. ते व्हायलाच हवे होते. लोणारपासून रिसोड फार लांब नाही. तिथल्या पिण्याच्या विहिरीला रंग बदलता येत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी धावत नाही.

अधिकाऱ्यांना दोष देऊन झाला. आता आपल्याबद्दल. बाटलीवर माहिती नसताना अहवालावर सही करणारे आपलेच सभासद आहेत. धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज दहा टक्क्यांहून जास्त चुकत असताना तो अहवाल सोडणारेही आपलेच. विद्युतरोध सर्वेक्षण करून बोअरची जागा देणारे खासगी भूवैज्ञानिक वक्ररेषा ग्राहकालासुद्धा दाखवत नाहीत. रिगवाला किती फुटांवर गेरू लागला, किती फुटांवर पाणी लागले हे सांगतो ते पैसे घेईपर्यंत, लिहून कोणी घेत नाही. 1 जून 2014 पासून लागू असलेल्या भूजल अधिनियमात विहिरींची नोंदणी आहे, 60 मीटरपलीकडच्या खोदाईवर निर्बंध आहेत. त्याच्या अंमलबजावणीबद्दल आपण दर संमेलनात भाषणे करतो. स्वतः दिलेल्या बोअरची खोली तरी आपण कुठे नोंदवतो? ‘काम निघून जाते’ हे उत्तर या मासिकाला मान्य नाही.

तेव्हा या ऑक्टोबरपासून एवढे करा. प्रयोगशाळेतल्या सभासदांनी माहिती नसलेली बाटली स्वीकारू नये आणि न स्वीकारल्याचे लेखी द्यावे. वरून दबाव आला तर अहवालावर ‘नमुना घेण्याची वेळ व ठिकाण अज्ञात’ हा शेरा ठळक लिहून मगच सही करावी. तसा शेरा लिहायला कोणत्याही नियमाची मनाई नाही. नायट्रेट कोणत्या रूपात दिले ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा. क्षेत्रावर जाणाऱ्यांनी बोअर उपसून विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच बाटली भरावी, विहिरीची पातळी काठापासून मोजावी, मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत. गावोगावी तपासणी संचाचे प्रशिक्षण घेतलेल्या पाच-पाच महिला आहेत. त्यांना मानाने विचारा, त्यांच्या वहीतल्या तारखा आपल्या अहवालांपेक्षा नीट असतात. जलसुरक्षकालाही सोबत घ्या. अयोग्य विहिरीची फेरतपासणी त्याच विहिरीची, त्याच ऋतूतली असावी, असा आग्रह ग्रामसभेत जाऊन धरा. आणि रासायनिक तपासणीचे उद्दिष्ट 31 मार्चऐवजी 30 नोव्हेंबरला मोजावे, अशी मागणी करणारे निवेदन आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने जिल्हा परिषदेला द्यावे. मसुदा पान 14 वर आहे. तो तसाच पाठवू नका, आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन विहिरींचे दाखले घालून पाठवा.

रिसोड आणि वाशिम तालुक्यांच्या दक्षिणेकडच्या, हिंगोलीला लागून असलेल्या गावांतल्या वाचकांना वेगळी विनंती. उपसा नसलेली एक जुनी विहीर आजच निवडा. दर रविवारी सकाळी तिची पातळी आणि विद्युतवाहकता लिहा. धक्का जाणवला तर त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात पुन्हा मोजा आणि धक्क्याची वेळ घड्याळ पाहून टिपा. ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या नोंदी 10 नोव्हेंबरपर्यंत आमच्याकडे आल्या तर डिसेंबर अंकात विहीरवार छापू. ज्यांच्याकडे विद्युतवाहकता मापक नाही त्यांनी कळवावे, जवळच्या सभासदाकडून तो मिळवून देण्याची व्यवस्था केली आहे.