आत्याचा खलबत्ता

"ताई, त्याला खुंटा आहे का गं?" बाबांनी फोनच्या पडद्यात जवळजवळ तोंड घालून विचारलं, आणि पलीकडे मिसिसागात आत्या खुदकन हसली. सात महिन्यांनी या बहीणभावांचं धड बोलणं होत होतं. घरच्या वाचकांना या अबोल्याचं कारण ठाऊक आहे. बाकीच्या ब्लॉगर मंडळींसाठी जरा मागे जाते.

आत्या एकाहत्तर वर्षांची आहे. तिला आमवात आहे, म्हणजे बोटांची पेरं सुजून वाकडी होतात तो. गेली पंधरा वर्षं. त्याची औषधं चालू आहेत आणि चालूच राहणार, ती कोणी बंद केलेली नाहीत. (हे मुद्दाम लिहितेय, कारण काही नातेवाईकांनी "सगळं सोडून आता हेच घेते" अशी बातमी पसरवली होती.) पण रात्रीचं ठणकणं काही थांबेना, झोप लागेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी तिला कॅनाबिस लिहून दिलं. कॅनडात रुग्णांना ही परवानगी 2001पासून आहे. 17 ऑक्टोबर 2018पासून तर सगळ्याच प्रौढांना आहे. आत्याचं औषध परवानाधारक विक्रेत्याकडून टपालानं, मोजून, चिठ्ठी लावून येतं. वाळवलेली फुलं असतात. ती बारीक करून एका छोट्या उपकरणात घालायची, ते जाळत नाही, नुसतं तापवतं, आणि त्याची वाफ घ्यायची. रात्री, एकदाच.

"म्हणजे आत्या गांजा ओढते?" हा प्रश्न एका लग्नाच्या पंगतीत विचारला गेला. झाड तेच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बाबांच्या हातातली वाटी खाली राहिली. चौतीस वर्षं त्यांनी या भागातल्या पोरांना शिकवलं, तंबाखूच्या पुड्या खिशातून काढून घेतल्या, आणि आता सख्खी बहीण! मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की चिलीम आणि वाया गेलेला पोरगाच डोळ्यांपुढे येतो. आत्यानं वाद घातला नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "त्याला सांग, मी आता सकाळी माझी वेणी मी घालते."

असो. तर विषय आहे बारीक करायच्या यंत्राचा. तिथे त्याला ग्राइंडर म्हणतात. दोन वाट्या एकमेकींवर उपड्या घातल्यासारख्या, आत दात, आणि वरची वाटी फिरवायची. आत्यानं पहिल्यांदा घेतला तो चार मजली, चकचकीत, दुकानदारानं "सगळ्यात उत्तम" म्हणून दिलेला. वर दात, मग फुलांचा चुरा पडायला भोकं, खाली बारीक जाळी आणि सगळ्यात तळाशी एक डबी. माझं स्पष्ट मत आहे की असा ग्राइंडर रुग्णानं घेऊ नये. तो शौकिनांसाठी केलेला आहे.

कारण सांगते. या फुलांवर चिकट, दवासारखे बारीक कण असतात आणि औषधाचा जोर मुख्यतः त्यांच्यातच असतो. चार मजली ग्राइंडरात फिरवताना ते कण जाळीतून गळून तळाच्या डबीत साठतात. शौकिनाला ती बक्षिसी वाटते. रुग्णाचं मात्र माप बिघडतं. आत्या रोज काट्यावर एक दशांश ग्रॅम मोजून घ्यायची, पण त्यातला थोडा जोर रोज खाली राहायचा. मग एका रात्री काटकसरी स्वभावानुसार "वाया कशाला घालवू" म्हणून तिनं तळातली पूड वर भुरभुरली. छाती धडधडायला लागली, भिंती सरकायला लागल्या, आणि ती बाई दोन तास न्हाणीघराच्या फरशीवर टेकून बसली. एकटीच. हे तिनं आम्हाला तीन महिन्यांनी सांगितलं.

हे ऐकताना मला आमची आजी आणि तिची सहाण आठवली. कैनाडच्या घरात बाळ आलं की सहाणेवर गुटी उगाळली जायची. वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, अतिविष... आणि प्रत्येकाचे वेढे ठरलेले. जायफळाचा एकच, कारण जास्त झालं तर बाळ गुंगतं. बाळ मोठं होईल तसे बदामाचे वेढे वाढायचे. आजीला ग्रॅम ठाऊक नव्हते, पण सहाण तीच, दगडाचा खरखरीतपणा तोच, हात तोच, म्हणून वेढा हेच माप. (आजकालचे डॉक्टर गुटी देऊ नका म्हणतात, आणि त्यांचं ऐकावं. मी फक्त मापाबद्दल बोलतेय.) काल जेवढं उतरलं तेवढंच आज उतरलं पाहिजे, एवढीच औषधाच्या यंत्राकडून अपेक्षा. तेव्हा जाळीचा मजला नकोच, किंवा निदान तो काढून ठेवता यावा.

दुसरी अडचण जास्त साधी आणि जास्त लाजिरवाणी होती. झाकणच फिरेना. लहान गोल डबी, धरायला काही नाही, आणि आट्यांत चीक बसून घट्ट झालेली. ज्या बाईची बोटं वाकत नाहीत तिच्यासाठी हे औषध, आणि ते बारीक करायला बोटांचीच ताकद लागते! ती शेजारच्या मुलीला रोज संध्याकाळी डबी फिरवून दे म्हणून बोलवायची. मुलगी चांगली होती, पण आत्याला ते लागायचं.

मी आधी तिला आगाऊपणे सुचवलं होतं, खलबत्ता घे की! तो सल्ला चुकला, तोही इथे नोंदवते. खलबत्त्यात कुटलं की ते चिकट कण दगडाला बसतात, औषध खलाच्या भिंतीवरच राहतं आणि वर गोळा होतो. वेलदोडा कुटायचा असतो, चंदन उगाळायचं, धान्य दळायचं. हे फूल कातरावं लागतं. ग्राइंडरचे दात तेच करतात. मिक्सरसारखं विजेचं यंत्रही तिनं करून पाहिलं. हाताला आराम, पण क्षणभर जास्त फिरलं की पीठ होतं आणि पीठ त्या तापवायच्या उपकरणाची जाळी बुजवतं. आपले वैद्य काढ्याला भरड आणि चाटणाला वस्त्रगाळ सांगतात ना, तसंच. इथे भरडच हवी.

तर खुंटा. हे सगळं मी एकदा जेवताना बडबडले. बाबा ऐकत नाहीयेत असं दाखवत ऐकत होते. मग उठले, पडवीत गेले आणि आजीच्या जात्याजवळ उभे राहिले. त्यावर पूर्वी नागली दळली जायची, आता वर कुंडी ठेवलीय. कुंडी बाजूला केली आणि मला म्हणाले, "फोन लाव तिला." पुढचं तुम्ही वर वाचलंतच. त्यांनी कॅमेऱ्यासमोर जातं फिरवून दाखवलं. पाळू केवढी जड, पण खुंटा कडेला असल्यामुळे म्हातारी बाईसुद्धा पहाटे दोन पायल्या दळायची. "बोटांनी नाही ताई, खांद्यानं फिरवायचं. खुंटा जितका मधापासून लांब तितका हलका." आत्या म्हणाली, "अरे बाबू, मला वाटलं तू माझ्याशी बोलणारच नाहीस." बाबा म्हणाले, "मी जात्याबद्दल बोलतोय." :-)

शोधलं तर वर दांडी असलेले ग्राइंडर मिळतात. आता तिच्याकडे तसाच आहे, रुंद, आतून रंग न दिलेल्या धातूचा. रंग दिलेले घेऊ नयेत, दात घासून तो रंग औषधात उतरायची भीती. प्लास्टिकचे दात तुटतात. लाकूड दिसायला छान, पण चीक पितं आणि धुता येत नाही. चीक बसलाच तर यंत्र अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायचं, मग ब्रशनं झटकलं की निघतो. उरलेला स्पिरिटनं, मग स्वच्छ धुवून पूर्ण वाळवायचं.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट नीट सांगते, कारण मला दोन जणांनी "तुमच्या आत्याला एक आणायला सांगा ना" म्हणून विचारलंय. नाही! आपल्याकडे 1985च्या कायद्यानं या झाडाची फुलं, म्हणजे गांजा, जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि परदेशी डॉक्टरांचा कागद इथे चालत नाही. कॅनडातून ते बाहेर नेणं हा तिथेही गुन्हाच. वापरलेल्या ग्राइंडरच्या दातांत चीक असतो, म्हणून आत्या गेल्या हिवाळ्यात आली तेव्हा तोसुद्धा तिकडेच ठेवून आली. तीन आठवडे तिची झोप कशी होती हे मी शेजारच्या खाटेवरून ऐकलंय.

आपल्याकडे मार्ग आहे तो आयुर्वेदातला. विजया या नावानं तिची औषधं बनतात. भांग विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत असल्यामुळे ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची. त्यातली कितीतरी थेंबांनी मोजायच्या तेलाच्या रूपात असतात, म्हणजे दळायचा प्रश्नच नाही. माझ्या मते थरथरत्या हातांसाठी ते बरंच. बाकी नुसत्या भांगेला महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यानं परवाना लागतो. तलासरी ओलांडून अच्छाडच्या पुढे गेलात की गुजरात, तिथे 2017 साली भांग त्या यादीतून काढली. दारूचं बरोबर उलट. आमच्या सीमेवरच्या माणसांना या दोन्ही गमती पाठ आहेत!

काल पुन्हा फोन झाला. आत्यानं नवा ग्राइंडर टेबलावर ठेवला, तळहातानं दांडी ढकलली, बोटं न वाकवता. मला वाटलं बाबा उठून जातील. ते चष्मा लावून बघत राहिले.

"किती वेढे?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"रोज सहाच?"

"रोज सहाच."

बाबांनी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ताई – 6 असं लिहून ठेवलंय.