करुणेला यतनेची जोड

पूर्व अफगाणिस्तानातील पाकतिया प्रांतात, पाकिस्तानच्या सीमेलगत अमेरिकी सैन्याचे एक लहानसे ठाणे होते. २०१० च्या सुमारास तेथे तीन भटक्या कुत्र्यांचा वावर असे. सैनिकांनी त्यांना टार्गेट, रूफस आणि साशा अशी नावे दिली होती. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या तरुणांना या मुक्या सोबत्यांचा मोठाच आधार वाटे.

वास्तविक युद्धभूमीवर प्राणी पाळणे, इतकेच काय, त्यांना खाऊ घालणेही अमेरिकी लष्कराच्या नियमाने निषिद्ध होते. या नियमामागे निर्दयता नव्हती. अफगाणिस्तानात कुत्रा चावल्याने रेबीज होऊन २०११ मध्ये एका सैनिकाला प्राण गमवावे लागले. तरीही भुकेला जीव दाराशी आला की हात आखडता घेणे अनेकांना जमत नसे.

फेब्रुवारी २०१० मधील एका रात्री अंगावर स्फोटके बांधलेला हल्लेखोर ठाण्याच्या दाराशी आला. तिन्ही कुत्री भुंकत त्याच्यावर धावून गेली. त्याला आत शिरता आले नाही. त्याने दाराशीच स्फोट घडवला. काही सैनिक जखमी झाले, परंतु आतील सुमारे पन्नास जण बचावले. साशा मात्र वाचली नाही. जखमी टार्गेट आणि रूफस यांची सैनिकांनी शुश्रूषा केली.

सैनिकांची मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा या दोघांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. लष्करी विमानात त्यांना जागा नव्हती. दुर्गम ठाण्यापासून काबूलपर्यंतचा धोक्याचा प्रवास, लसीकरण, आरोग्य-प्रमाणपत्रे आणि परदेशी विमानाचे भाडे, हा सारा भार देणग्या गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांनी उचलला. असेच कार्य ब्रिटिश नौसैनिक पेन फार्दिंग यांनीही केले. हेल्मंदमधील नौझाद गावी कुत्र्यांची झुंज त्यांनी थांबवली आणि त्यातील कान कापलेला एक कुत्रा त्यांच्या मागे लागला. त्या गावाच्या नावाने त्यांनी २००७ मध्ये संस्था स्थापन केली. काबूलमधील अफगाण पशुवैद्य व सेवकांच्या साहाय्याने या संस्थेने दीड हजारांहून अधिक सैनिकांची त्यांच्या कुत्र्या-मांजरांशी पुनर्भेट घडवली.

टार्गेट २०१० च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यात, तिच्यावर लोभ जडलेल्या सैनिकाच्या घरी पोहोचली. दूरचित्रवाणीवर तिचे कौतुक झाले. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी ती अंगणातून बाहेर पडली आणि स्थानिक प्राणी-निवाऱ्यात दाखल झाली. तिच्या गळ्यात ओळखपट्टी नव्हती, कातडीखाली मायक्रोचिपही नव्हती. मालक तिला आणायला गेला, तेव्हा फार उशीर झाला होता. कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कुत्र्याऐवजी चुकून तिला मरणाचे इंजेक्शन दिले होते.

स्फोटातून वाचलेला जीव येथे कोणाच्या वैरामुळे गेला नाही; तो गेला प्रमादामुळे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा उल्लेख प्राणघाताच्या आधी येतो, त्याचे मर्म या घटनेत दिसते. अनुकंपा क्षणात जागते. यतना मात्र रोज पाळावी लागते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशावरून मोठा क्षोभ उसळला. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपल्या समाजातील शेठ मोतीशा यांनी क्षोभ व्यक्त करून थांबणे पसंत केले नाही. त्यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली. वाचवलेल्या जीवाला रोजचा चारा, निवारा आणि देखरेख लागते, याची ती व्यवस्था होती.

पेढीच्या पायरीशी येणाऱ्या कुत्र्याला पोळी घालणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे काय, तो आजारी पडला तर कोणाला बोलवायचे, पेढी चार दिवस बंद राहिली तर त्याला पाणी कोण ठेवणार, हे विचारणारी कुटुंबे त्या मानाने थोडी. पोळी घालणे ही अभयदानाची सुरुवात आहे. त्याची पूर्तता या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.