अलिबागच्या वेधशाळेभोवतीची चुंबकीय शांतता जपा

‘आदित्य-एल1’ हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून सूर्याच्या अभ्यासासाठी निघालं आणि देशभर त्याचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. त्या कौतुकात मुंबईची एक जुनी नोंदही आठवायला हवी होती. बरोबर 164 वर्षांपूर्वी, 2 सप्टेंबर 1859 रोजी, कुलाबा वेधशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी सूर्यानं पृथ्वीवर धाडलेल्या प्रचंड वादळाचे आकडे वहीत उतरवून ठेवले होते.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौर डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश दिसला होता. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा ढग पृथ्वीवर येऊन आदळला. अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्रणाच्या कागदावर उमटणारी रेषा कागदाबाहेर गेली आणि ऐन वादळाचं माप हुकलं. कुलाब्यात मात्र माणसं होती. टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून पट्टीवर वाचायची आणि आकडा लिहायचा, असं ते काम. एरवी तासाला एक नोंद व्हायची. वादळ सुरू झालं की दर पंधरा, कधी दर पाच मिनिटांनी. त्या सकाळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला. साध्या दिवशी हा चढउतार काही डझन नॅनोटेस्लांचा असतो, आणि दोनशे-तीनशेची घसरण झाली तरी तज्ज्ञ त्याला तीव्र वादळ म्हणतात.

या वह्या जपल्या गेल्या म्हणून 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांना परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वादळाची ताकद नव्यानं मोजता आली. त्या 1600 पैकी किती वाटा पृथ्वीभोवती वाहणाऱ्या वलयप्रवाहाचा आणि किती इतर प्रवाहांचा, यावर अजून वाद चालू आहे. तो वाद घालता येतो, कारण मूळ आकडे हाताशी आहेत.

कुलाब्याचं स्थानही मोलाचं होतं. ध्रुवांजवळ ध्रुवीय प्रकाशासोबतचे प्रवाह चुंबकसूचीला इतके हेलकावे देतात की वादळाची मूळ शक्ती वेगळी काढणं अवघड जातं. कमी अक्षांशांवर वलयप्रवाहाचा परिणाम स्वच्छ दिसतो, पण अगदी विषुववृत्ताजवळही तिथला स्वतंत्र विद्युतप्रवाह मध्ये येतो. मुंबई या दोन्ही गोंधळांपासून पुरेशी दूर आहे.

ही परंपरा नुसती साहेबांची नव्हती. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनी कुलाबा वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना छत्रे तिथे नोकरीला होते. शतकाच्या अखेरीस नानाभॉय मूस हे पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्यासमोर एक आधुनिक संकट उभं राहिलं: मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकीय मोजमाप बिघडवतो. तेव्हा शहराची ट्राम अडवली गेली नाही आणि मोजमापही वाऱ्यावर सोडलं गेलं नाही. अलिबागला लोखंड वगळून, पोरबंदरच्या दगडात नवी वेधशाळा बांधली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना नेमकी जोडता यावी. मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 1907 मध्ये. एका सार्वजनिक सोयीसाठी दुसरी न मारता दोन्ही कशा टिकवाव्यात, याचं इतकं देखणं उदाहरण आपल्या नियोजनाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ते रायगडच्या आजच्या नियोजनकारांनी वाचायलाच हवं.

कारण आज अलिबाग म्हणजे मुंबईचं अंगण आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट बोट जाते, बंगल्यांच्या वसाहती वाढताहेत, रस्ते रुंद होताहेत. विकास नको, असं कुणीच म्हणत नाही. पण लोखंडी सांगाडे, अवजड वाहनं आणि जमिनीतले विद्युतप्रवाह हे चुंबकमापकाचे जन्मजात वैरी आहेत. इथे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला आहे आणि त्यातला एकेक नॅनोटेस्ला टिपायचा असतो. स्वयंचलित यंत्रं सेकंदासेकंदाला नोंद करतात, पण काळानुसार ती थोडी सरकतात. म्हणून निरीक्षकाला ठरावीक दिवसांनी अचुंबकीय थिओडोलाइटवर स्वतः डोळा लावून मूळ माप घ्यावं लागतं. त्याआधी खिशातल्या किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, कमरेचा पट्टा सगळं बाहेर ठेवायचं.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न करदात्यानं विचारणं योग्यच आहे. मार्च 1989 मध्ये अशाच एका वादळानं कॅनडातल्या क्विबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. मे 2024 च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या दिशादर्शनावर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, शेतकऱ्यांना थांबावं लागलं. त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशात तांबडी आभा टिपली. भारत विषुववृत्ताजवळ असल्यानं आपल्याला धोका कमी, हे खरं. पण 4 फेब्रुवारी 1872 रोजी मुंबईच्या आकाशातही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे, आणि त्या काळी देशभर पसरलेलं 765 किलोव्होल्टचं पारेषण जाळं नव्हतं.

‘आदित्य’ असताना जमिनीवरची वेधशाळा कशाला, हा युक्तिवाद टिकत नाही. यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे. तिथून वादळाची चाहूल साधारण तासभर आधी लागते, पण ते जमिनीवर नागपूरला किती आणि तिरुनेलवेलीला किती जाणवलं, हे जमिनीवरच मोजावं लागतं. शिवाय यानाचं आयुष्य काही वर्षांचं असतं. कुलाबा-अलिबागची मालिका पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

मागण्या अवाजवी नाहीत. वेधशाळेभोवती ठरावीक अंतरात विद्युतीकरण, अवजड रस्ते आणि मोठी लोखंडी बांधकामं यांना वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लेखी संमतीशिवाय परवानगी मिळू नये, असं कलम विकास आराखड्यातच घालावं. यदाकदाचित वेधशाळा हलवावीच लागली, तर 1904 प्रमाणे नवी जागा आधी सुरू व्हावी. जुन्या वह्या आणि छायाचित्रित आलेख एकेक पान करून अंकी रूपात आणावेत आणि सर्वांना खुले करावेत. निरीक्षकांच्या जागा वेळेवर भराव्यात, कारण हातानं अचूक माप घेणं शिकायला वेळ लागतो. सूर्याची सध्याची कमाल सक्रियता 2024 मध्ये जाहीर झाली. पण ऑक्टोबर 2003 ची मोठी वादळं कमाल ओसरू लागल्यावरच आली होती. म्हणून हे निर्णय पुढच्या सौरचक्रावर ढकलता येणार नाहीत. रायगडच्या जिल्हा नियोजन समितीनं पहिलं कलम तरी याच वर्षी विषयपत्रिकेवर घ्यावं.