नोकरी गेली, हप्ता राहिला

खास प्रतिनिधी, पालघर

पहिल्या पाळीच्या वेळी बोईसर स्थानकाबाहेर उभे राहिले, की तारापूर औद्योगिक वसाहतीचे अर्थकारण डोळ्यांसमोर येते. शेअर रिक्षांत दाटीवाटीने बसणाऱ्यांमध्ये कायम कामगार असतो, ठेकेदाराचा माणूस असतो, रसायन कारखान्यातला केमिस्ट असतो आणि कापड गिरणीतला सुपरवायझरही असतो. यांपैकी कोणाला एखाद्या सकाळी प्रवेशद्वारावरच ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले गेले, तर त्याचा पगार त्याच दिवशी थांबतो. घराचा हप्ता किंवा भाडे मात्र पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला समोर उभे राहते.

कारखाना बंद पडण्याची किंवा माणसे कमी होण्याची कारणे कामगाराच्या हातात नसतात. कधी मागणी घटते, कधी कच्चा माल महागतो, कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा बंदचा आदेश येतो. निर्यातीवर अवलंबून असलेल्या कारखान्यांना तर परदेशातील निर्णयही पुरतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा कापड उद्योगाने त्याचा अनुभव घेतला. पालघर, सफाळे येथून रोज मुंबई गाठणारा नोकरदारही सुरक्षित नाही. टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पांढरपेशा नोकरीची शाश्वतीही संपल्याचे स्पष्ट झाले.

नोकरी जाणे ही नवी गोष्ट नाही. नवे आहे ते नोकरी आणि घर यांचे एकमेकांत अडकलेले गणित. आणि या गणितात कर्जवसुलीची प्रत्येक मुदत ठरलेली आहे, पण कामगाराच्या हक्काचे पैसे प्रत्यक्ष हाती केव्हा पडतील, याची खात्री कोणालाच नाही.

भाव मुंबईकडे पाहून, पगार तारापूरचा

बोईसर-पालघरची घरे मुंबईच्या तुलनेत स्वस्त आहेत, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. पण स्थानिक पगाराच्या तुलनेत ती स्वस्त नाहीत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून चाकरमानी आधी वसई-विरारला आणि नंतर त्याही पुढे सरकला. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातील चार स्थानकांत बोईसरचा समावेश झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा प्रत्येक घोषणेनंतर जमिनीच्या व्यवहारात भविष्याची किंमत आजच मोजली जाते. त्या प्रकल्पांतून मिळणारा रोजगार मात्र अनेक वर्षांनी येणार असतो.

दुसरीकडे जमिनीचा पुरवठा मर्यादित आहे. आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून जमीन महसूल संहितेत निर्बंध आहेत आणि ते आवश्यकच आहेत. शेजारचा डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. परिणामी बांधकामाचा सारा भार रेल्वेमार्गालगतच्या मोजक्या गावांवर पडतो. त्यातच अनेक वर्षे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली वाढलेल्या बोईसर परिसरात सर्वच इमारतींची कागदपत्रे चोख नाहीत. जिथे मोठी बँक कर्ज नाकारते, तिथे ग्राहक चढ्या व्याजाच्या वित्तसंस्थेकडे जातो.

व्याजदराचा फटका वेगळाच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. २० वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतलेल्या १५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ११ हजार ६०० रुपये होतो. तेच कर्ज साडेनऊ टक्क्यांवर गेले, तर हप्ता १४ हजारांच्या घरात पोचतो. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. पण वाढलेला सारा दर त्यामुळे भरून निघाला नाही.

गिरणगावात खोली तरी होती

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील अनेकांना पुन्हा गिरणीचे तोंड पाहायला मिळाले नाही. ती शोकांतिका आजही मराठी मनात ताजी आहे. मात्र त्या काळातील एक बाब आज मुद्दाम आठवावी अशी आहे. बहुतेक कामगार चाळीत, भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खोलीत राहत होते. भाडे नाममात्र होते. पगार गेला, दागिने गेले, काहींची मुले शाळेतून निघाली. पण डोक्यावरचे छप्पर महिन्याभरात जात नव्हते. त्या आधारावर घरातल्या बायकांनी खानावळी चालवल्या, शिवणकाम केले आणि संसार रेटला.

बोईसरच्या कामगाराला तो आधार नाही. तो एक तर कर्जदार आहे, नाही तर अकरा महिन्यांच्या करारावरील भाडेकरू. ठेकेदाराकडे काम करणारा परप्रांतीय मजूर तर अनेकदा कोणत्याही कागदाविना खोलीत राहतो. शिवाय अडचणीत घर विकायचे म्हटले, तरी गिऱ्हाईक त्याच औद्योगिक वसाहतीतून यायचे असते. वसाहतीत मंदी आली, की विकणारे वाढतात आणि घेणारे कमी होतात. नोकरी आणि घराची किंमत, दोन्ही एकाच खांबावर उभ्या आहेत.

दोन घड्याळे

बँकेचे घड्याळ कायद्याने लावलेले आहे. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक थकला, की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस निघू शकते आणि ती मुदत संपल्यावर घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून सुमारे पाच महिन्यांत प्रकरण दारापर्यंत येते.

कामगाराचे घड्याळ कागदावर तरी उदार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, ही जुनी तरतूद कायम आहे. याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत खात्यात जमा व्हावयाचे आहे. वेतन संहितेनुसार उरलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यावा लागतो. पाच वर्षे सेवा झाली असेल, तर उपदान वेगळे.

एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६ हजार रुपये घेणारा, आठ वर्षे कायम सेवेत असलेला यंत्रचालक कमी केला गेला. त्याचे उपदान १ लाख २० हजार रुपये होते. कपातीची भरपाई जवळपास तेवढीच. नोटिशीचा पगार आणि पुनर्कौशल्याची रक्कम धरली, तर एकूण आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास जातो. म्हणजे सुमारे दहा महिन्यांचा पगार! नऊ टक्के दराने १५ लाखांच्या कर्जाचा साडेतेरा हजारांचा हप्ता भरून घर चालवत नवी नोकरी शोधण्यास एवढा अवधी पुरावा.

अट एकच, हे पैसे वेळेवर मिळायला हवेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी व उपदान द्यावे, या अपिलीय न्यायाधिकरणाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२३ रोजी नकार दिला. मधे पावणेचार वर्षे गेली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. देशभर गाजलेल्या प्रकरणात ही गत, तर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यातील चाळीस कामगारांची दाद किती काळ रेंगाळेल, याचा अंदाज करता येतो.

फटीत सापडलेले

कायद्याच्या छत्रीत भोकेही आहेत. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० झाली. लहान-मध्यम कारखान्यांनी भरलेल्या तारापूरमध्ये याचा अर्थ उघड आहे. देखरेखीचे काम करणारा आणि १८ हजारांहून अधिक वेतन घेणारा कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे पदनाम बदलले, की हक्कही बदलतात.

राज्य कामगार विमा योजनेची मर्यादा तर अधिकच बोचरी आहे. या योजनेतील अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये तिचा लाभ सरासरी वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, वाढवण्यात आला आणि मुदतही वेळोवेळी वाढवली गेली. पण २०१७ पासून विमा योजनेची वेतनमर्यादा २१ हजार रुपये आहे. गृहकर्ज मिळण्याइतपत पगार झाला, की कामगार अनेकदा या संरक्षणाबाहेर पडलेला असतो. उलट जो या मर्यादेत आहे, तो बहुधा ठेकेदाराकडे असतो. ठेकेदार बदलला, की सेवा तुटते. सेवा तुटली, की उपदान आणि भरपाई दोन्हींवर पाणी. त्याचे घर भाड्याचे. त्याला पाच महिनेही मिळत नाहीत. अनामत रक्कम संपली, की कुटुंब गावाची गाडी पकडते आणि मुलांचे शाळेचे वर्ष मधेच सुटते.

पहिले ९० दिवस

अशा स्थितीत नोकरी गेलेल्याच्या हातात काय उरते? पहिले ९० दिवस. या काळातील काही निर्णय पुढची अनेक वर्षे ठरवतात.

पहिली सावधगिरी राजीनाम्याची. ‘राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो’ असे अनेकदा सांगितले जाते. स्वेच्छेने राजीनामा दिला, असे कागदावर आले, की कपातीच्या भरपाईचा दावा संपतो. म्हणून कपातीचे कारण लेखी मागणे, वेतनचिठ्ठ्या, ओळखपत्र व हजेरीच्या नोंदी जपून ठेवणे आणि कामगार कार्यालयात वेळेत तक्रार नोंदवणे आवश्यक ठरते. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा निर्णय बँकेकडे जाण्याचा. हप्ता चुकल्यानंतर वसुलीचा फोन येण्याची वाट पाहण्यापेक्षा पहिला हप्ता चुकण्याआधीच कपातीच्या पत्रासह शाखेत लेखी अर्ज देणे हिताचे. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येतो का, काही महिने केवळ व्याज भरता येईल का, याची विचारणा तेव्हाच ऐकली जाण्याची शक्यता असते. खाते अनुत्पादक ठरल्यावर बँकेचे हातही बांधले जातात. ६० दिवसांची नोटीस आलीच, तर तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते.

तिसरा प्रश्न भविष्यनिर्वाह निधीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने बेरोजगारीत ७५ टक्के रक्कम तत्काळ, तर उरलेली १२ महिन्यांनंतर काढू देण्याचा निर्णय घेतला. म्हातारपणाची पुंजी एकदम रिकामी होऊ नये, हा त्यामागील हेतू. तरीही हाती आलेली सगळी रक्कम कर्जाच्या मुद्दलात घालणे शहाणपणाचे नाही. कर्ज कमी झाले, तरी पुढच्या महिन्याचा हप्ता आणि किराणा थांबत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणे अधिक गरजेचे. मालकीचे घर काही काळ भाड्याने देऊन स्वतः लहान खोलीत राहण्याचा मार्ग काहींना पत्करावा लागतो. तो मानाला लागतो, पण घर वाचवतो.

घड्याळ थांबवता येते

मात्र सारा भार नोकरी गमावलेल्या माणसाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. बँकेचे घड्याळ थांबवता येते, हे २०२० मध्ये दिसले आहे. टाळेबंदीच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. व्याज चढत राहिले, त्यावरून वाद न्यायालयातही गेला. परंतु त्या सहा महिन्यांत केवळ हप्ता न भरल्याने कोणाचे खाते बुडीत ठरले नाही.

महामारीत साऱ्या देशाला जी सवलत मिळाली, ती कपात झालेल्या एका कुटुंबाला का मिळू नये? कामगार कार्यालयात कपातीची नोंद झाली आणि मालकाकडून देणी येणे बाकी असेल, तर ती मिळेपर्यंत ठरावीक महिने कर्जखात्याला अनुत्पादक ठरवू नये, असा नियम करणे अशक्य नाही. कामगार विम्यातील बेरोजगारी भत्त्याची वेतनमर्यादा वाढवणे हा दुसरा उपाय. आणि औद्योगिक वसाहतीलगत भाड्याची परवडणारी घरे उभारणे हा तिसरा. जिल्ह्यात बंदर आणि बुलेट ट्रेनसाठी जमीन शोधली जात असताना, ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे राहणार त्यांच्या घरांसाठीही ती शोधली गेली पाहिजे.

वाढवण बंदर पूर्ण होईल तेव्हा पालघरमध्ये लाखोंना काम मिळेल, असे सांगितले जाते. त्या वेळी तारापूरचा आजचा कामगार याच जिल्ह्यात, आपल्या घरात असेल की नाही, हे मात्र आज त्याच्या दारात येणाऱ्या नोटिशीच्या तारखा ठरवणार आहेत.