व्याख्या सगळ्यांची, पण सर्चमध्ये काय दिसणार ते ठरवतं कोण?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा फॉरवर्ड खरा की खोटा, हे बघायला आपण गुगल करतो. तेव्हा फॅक्ट चेकच्या लिंकखालीच मूळ दावा काय होता आणि तपासल्यावर काय निघालं, हे दोन ओळींत दिसायचं. लिंक उघडायचीही गरज नसायची. जून २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की सर्चमधली ही सोय बंद होणार.

ही माहिती गुगलला कळायची कशी? वेबसाइटच्या कोडमध्ये 'क्लेमरिव्ह्यू' नावाचं एक लेबल असतं. दावा कोणता, तो कोणी केला, निष्कर्ष काय, असे त्यात ठरलेले रकाने असतात. आपल्याला ते दिसत नाही, मशीनला मात्र लगेच वाचता येतं.

असे शेकडो रकाने 'स्कीमा डॉट ऑर्ग' या प्रकल्पात ठरतात. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी तो २०११ मध्ये सुरू केला. त्याच वर्षी रशियाची यांडेक्सही आली. इथलं काम गिटहबवर उघडपणे चालतं. कोणीही बदल सुचवू शकतं, त्यावर चर्चा होते आणि नवी व्याख्या सहसा आधी 'पेंडिंग' विभागात जाते.

खरी गंमत पुढे आहे. व्याख्या एकदाच, एका फाइलमध्ये लिहायची. त्यातूनच माणसांनी वाचायचं वेब पेज तयार होतं आणि सॉफ्टवेअरने वाचायची जेसन-एलडीसारखी फाइलही. त्यामुळे पेजवर एक आणि मशीनकडे दुसरंच, असा घोळ होत नाही. घाईच्या वेळीही हे उपयोगी पडतं. मार्च २०२० मध्ये कोरोना पसरत असताना तातडीच्या सूचनांसाठी 'स्पेशल अनाउन्समेंट' हा नवा प्रकार असाच झटपट आला.

मग अडचण कुठे आहे? व्याख्या सगळ्यांनी मिळून लिहिली, तरी ती सर्चमध्ये वापरायची की नाही हे कंपनी एकटी ठरवते. २०२५ च्या त्या यादीत क्लेमरिव्ह्यूसोबत स्पेशल अनाउन्समेंटही होतं. गुगलचं कारण असं, की हे प्रकार सर्चमध्ये फारसे वापरले जात नाहीत आणि युजरला त्यातून विशेष काही जास्त मिळत नाही. साइटच्या रँकिंगवर परिणाम होणार नाही, असंही कंपनीने सांगितलं.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर हा हिशोब समजतो. पण फॅक्ट चेकची किंमत फक्त क्लिकवर मोजायची का? अफवा रोज पसरत नाही, पण ज्या दिवशी पसरते त्या दिवशी त्या दोन ओळी फार कामाच्या असतात.

जमेची बाजू म्हणजे व्याख्या पुसली गेलेली नाही. ती मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे दुसरं सर्च इंजिन किंवा एखादं अ‍ॅप ती आजही वापरू शकतं. तोपर्यंत एक सवय आपणच लावून घ्यायची: फक्त सर्चच्या यादीवरून मत बनवायचं नाही, फॅक्ट चेकची लिंक उघडून पूर्ण वाचायची आणि मगच फॉरवर्ड करायचं.