प्लेट वळवणारा माणूस हजेरीपटावर ‘हेल्पर’ कसा?

भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉपवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली. आज एक चूक कबूल करतो.

आमच्याकडे प्लेट रोलिंगला एक काका होते. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांचं पद ‘हेल्पर’, श्रेणी ‘अकुशल’. त्या यादीवर दर महिन्याला सही माझी असायची.

हा ‘अकुशल’ माणूस काय करायचा ते ऐका.

दहावीच्या भूमितीतला शंकुछेद आठवतो? बादलीच्या आकाराचा? शॉपमध्ये त्यालाच ‘कोन’ म्हणतात. सायलोचा तळ, हॉपर, मोठ्या पाइपाचा रिड्युसर, सगळीकडे तो लागतो. समजा 20 मिमी प्लेटचा कोन करायचाय. मोठा व्यास 2000 मिमी, लहान 1000, उंची 1200. पायथागोरस लावला की तिरकी उंची 1300 येते. प्लेटवर 2600 आणि 1300 त्रिज्येचे दोन कंस मारायचे, मधे साधारण 138.5 अंश. वजन साडेनऊशे किलोच्या वर. इथपर्यंतचं काम कॉम्प्युटर आणि कटिंग मशीन करतात.

खरी परीक्षा पुढे. रोल सरळ असतो, टोकापासून टोकापर्यंत एकाच वेगानं फिरतो. पण प्लेटची मोठी कड 6283 मिमी आणि लहान कड तिच्या निम्मी! म्हणजे मोठी कड पळाली पाहिजे आणि लहान कड रेंगाळली पाहिजे. त्यासाठी वळवणारा रोल तिरका लावायचा, लहान कड स्टॉपरला घासत ठेवायची. थोडं वळवायचं, थांबायचं, टेम्प्लेट लावून बघायचं, परत वळवायचं. दाब काढला की प्लेट थोडी उलगडते, म्हणून किती जास्त वळवायची हा अंदाज हातातच असावा लागतो. प्रमाणाबाहेर वळली तर उघडताना घाम फुटतो.

आता गंमत बघा. त्याच कोनाची शिवण मारणाऱ्या वेल्डरची टेस्ट होते, सर्टिफिकेट असतं. इन्स्पेक्टर ते मागतो. त्यामुळे वेल्डरला रेट मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण ‘ही प्लेट कोणी वळवली?’ असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. कागद नाही म्हणून कसब नाही, असा आमचा हिशोब.

ठेका बदलला. नव्या ठेकेदाराला त्याच ‘अकुशल’ रेटमध्ये माणसं हवी होती. काका गावी निघून गेले. पुढच्या कोनाच्या दोन कडा जुळेनात; जॅक आणि चेनपुली लावून ओढण्यात दोन दिवस गेले. त्याहून वाईट म्हणजे, रोलवरच्या नव्या पोराचा हातमोजा आत ओढला गेला. कुणीतरी इमर्जन्सीची दोरी ओढली म्हणून बोटं वाचली. फिरत्या रोलजवळ हातमोजा घालायचा नसतो हे त्याला सांगणारे काकाच राहिले नव्हते.

मालक म्हणतात, रेट परवडत नाही. मान्य, कामं स्वस्तात घ्यावी लागतात. पण वाया गेलेली एक टनाची प्लेट परवडते? पोराची बोटं परवडतात?

राज्यात किमान वेतनाला कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा श्रेणी आहेत. माणूस जे काम करतो त्यावर श्रेणी ठरावी, ठेकेदाराच्या सोयीवर नाही. सरकारी कौशल्य योजनेत अनुभवी कामगाराची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला. ही परीक्षा वर्गात बसवून नको, रोलवर उभं करून घ्या. आणि प्रत्येक काकांच्या शेजारी आयटीआयचा एक अप्रेंटिस उभा करा, ते रिटायर व्हायच्या आत.

माझ्यासारख्या सही करणाऱ्यांना एकच सांगणं. या महिन्याची यादी समोर आली की आधी शॉपवर एक चक्कर मारा. ‘हेल्पर’ लिहिलेला माणूस काय करतोय ते बघा. मग सही करा.

मी बघत होतो रोज. तरी सही केली.